रकाना आणि त्याची शब्दयादी

‘मराठी’ हा शब्द ग्रंथालयातल्या नोंदीत दोन ठिकाणी येतो. पुस्तक मराठीत असेल तर भाषेच्या रकान्यात, मराठीविषयी असेल तर विषयाच्या. इंग्रजीत लिहिलेल्या मराठी व्याकरणाची भाषा इंग्रजी, विषय मराठी. कोणत्या रकान्यात कोणत्या यादीतले शब्द चालतील, हा प्रश्न संगणकाच्या बराच आधीचा आहे.

चार्ल्स कटर यांनी १८७६ मध्ये ग्रंथसूचीचे नियम छापले. एका विषयाला एकच शीर्षक, हा त्यांचा आग्रह. १८९८ पासून अमेरिकेतल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने विषयशीर्षकांची यादी वाढवत नेली, तिचे लाल बांधणीचे जाडजूड खंड झाले. तालिकाकार, म्हणजे पुस्तकांच्या नोंदी करणारा, खंड उघडून शीर्षक शोधायचा आणि नोंदीच्या कार्डावर, तालिकापत्रावर, उतरवायचा. यादी आणि रकाना यांना जोडणारा दुवा म्हणजे तो स्वतः.

१९६० च्या दशकात हेन्रिएट ॲव्हरॅम यांनी तिथेच मार्क ही यंत्रवाचनीय नोंदपद्धत घडवली आणि रकान्यांना क्रमांक मिळाले. विषयाचे क्षेत्र, म्हणजे रकाना, ६५०. त्याचा दुसरा दर्शक, म्हणजे क्षेत्राला जोडलेला खुणेचा आकडा, ० असेल तर शीर्षक लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या यादीतले, २ असेल तर वैद्यकीय विषयशीर्षकांच्या यादीतले. ७ असेल तर यादीची खूण उपक्षेत्र २ मध्ये, म्हणजे त्याच क्षेत्राच्या एका पोटभागात, लिहायची. भाषेसाठी वेगळी तीन अक्षरी यादी. मराठीचा संकेत ‘एमएआर’. माझ्या मते या इतिहासातले खरे वळण हेच. शब्द कुठून आला हे नोंद स्वतः सांगू लागली. तो शब्द त्या यादीत खरोखर आहे का, हे मात्र माणसालाच पाहावे लागे.

१९९५ च्या डब्लिन कोअर या नोंदपद्धतीने वेबसाठी सुटसुटीत घटक, म्हणजे रकाने, दिले. यादीतले शब्द वापरा, अशी शिफारस होती, सक्ती नव्हती. मोकळ्या रकान्यात ‘बॉम्बे’, ‘मुंबई’, ‘बंबई’ शेजारी शेजारी बसतात आणि शोधणाऱ्याला त्यातल्या एकाच नावाखालची सामग्री दिसते, हे मला फार मोठे नुकसान वाटते.

२००९ मध्ये शब्दयाद्या वेबवर मांडण्यासाठी स्कॉस हे वेबमानक आले. प्रत्येक संकल्पनेला कायमचा वेब-पत्ता आणि त्याखाली हव्या तितक्या भाषांतली लेबले. त्याच वर्षी लायब्ररी ऑफ काँग्रेसची विषयशीर्षकेही अशा पत्त्यांसह वेबवर खुली झाली. रकान्यात अक्षरांऐवजी पत्ता साठवला, की शहराचे नाव बदलल्यावर लेबल एकाच जागी बदलावे लागते. हजारो नोंदींना हात लावावा लागत नाही.

नोंदी भरण्याच्या आजच्या संगणकप्रणालींनी यादी आणि रकान्याची ही जोडणी माणसाच्या हातून काढून मांडणीच्या फाइलीत नेली. हार्वर्डमध्ये सुरू झालेल्या डेटाव्हर्स या संशोधनाची माहिती साठवण्याच्या प्रणालीत मेटाडेटाचा, म्हणजे नोंदीच्या रकान्यांचा, संच एका साध्या तक्त्यात लिहितात. रकान्याला यादी लागू आहे की नाही, ते एका स्तंभात. खाली मान्य शब्दांच्या ओळी, आणि प्रत्येक ओळीत तो शब्द कोणत्या रकान्याचा ते नाव. देशांच्या यादीला हे पुरते. हजारो संकल्पनांचे, सतत बदलणारे कोश, म्हणजे मोठ्या शब्दयाद्या, तिथे ओतणे अशक्य, म्हणून पुढे बाहेरचा कोश थेट रकान्याला जोडायची सोय आली: टंकताना कोशातून पर्याय येतात, निवडलेल्याचा पत्ता साठतो. हीच निवड मराठीत दिसू शकते. त्यासाठी त्या पत्त्याखाली मराठी लेबल कोणीतरी आधी लिहिलेले असावे लागते.