पाऱ्याच्या पंपाची झडप मोडते, मग ती बदलता का येऊ नये?

पारा वापरून बनवलेल्या वस्तू हळूहळू बंद करायच्या म्हणून मिनामाता करार झाला, २०१७ पासून तो लागू आहे. २०२२ मध्ये बालीला झालेल्या बैठकीत त्याच्या यादीत आणखी काही वस्तू घातल्या गेल्या. टायरला बॅलन्सिंगसाठी लावायची वजनं, फोटोची फिल्म, उपग्रहाचं इंधन (हो, पारा तिथेही वापरायचा विचार झाला होता) आणि याच रांगेत गुपचूप उभा असलेला एक जुना गडी, पाऱ्याचा व्हॅक्यूम पंप. मुदत २०२५ ची. संशोधनाच्या कामाला सूट आहे, पण बाकी बनवणं, आयात-निर्यात सगळं बंद. ही बातमी मी एका मित्राला सांगितली तर तो म्हणाला, "पाऱ्याचा पंप? म्हणजे पारा हवा शोषून घेतो का?"

नाही रे बाबा. आणि इथूनच सुरुवात करू कारण हा गैरसमज फक्त पाऱ्याबद्दल नाहीये, सगळ्याच व्हॅक्यूम पंपांबद्दल आहे. कुठलाही पंप हवा "ओढत" नाही. हवेच्या रेणूंना दोरी बांधून खेचता येत नाही. पंप फक्त एक रिकामी खोली उघडून देतो, रेणू आपल्या आपण इकडेतिकडे धावत असतात त्यातले काही त्या खोलीत येतात, मग मागचं दार लावायचं, आलेल्यांना दुसऱ्या दाराने बाहेर ढकलायचं, परत पहिलं दार उघडायचं. बस. म्हणजे पंपाचं निम्मं शहाणपण दारांमध्येच आहे आणि दारं म्हणजे व्हॉल्व्ह, झडपा.

ओटो फॉन गेरिकेने १६५० च्या आसपास पहिला व्हॅक्यूम पंप केला तेव्हा दट्ट्या आणि चामड्याच्या झडपा होत्या. सगळीकडून गळायचं. दोनशे वर्षं लोक दट्ट्याच्या कडेने गळणाऱ्या हवेशी भांडत बसले. १८५५ मध्ये हाइनरिश गाइसलरने सरळ दट्ट्याच काढून टाकला आणि त्या जागी पारा घातला. द्रव दट्ट्या! काचेच्या फुग्यात पारा वर चढवा, तो कानाकोपरा भरतो, हवा बाहेर. पारा खाली उतरवा, वर रिकामी जागा तयार. कड नाही, फट नाही, वंगण नाही. फक्त गाइसलरच्या पंपात काचेचे कॉक (तोट्या) हाताने फिरवावे लागायचे आणि त्यांना ग्रीस लागायचं. १८६२ मध्ये आउगुस्ट टोपलरने तेही काढले. १८६५ मध्ये श्प्रेंगेलने पाऱ्याचे थेंब बारीक नळीतून पाडून दोन थेंबांच्या मध्ये हवा पकडून खाली नेली, आणि १८७९ मध्ये एडिसनचा दिवा टिकला त्यात या पंपांचा मोठा हात होता. ती गोष्ट कधीतरी वेगळी.

टोपलर पंपाचं गणित बघा. पंपाचा फुगा एक लिटरचा, रिकामं करायचं भांडंही एक लिटरचं. प्रत्येक फेरीत भांड्यातली अर्धी हवा फुग्यात येते आणि बाहेर जाते. दहा फेऱ्यांनी हजारावा हिस्सा उरतो, वीस फेऱ्यांनी दहा लाखावा. कागदावर. प्रत्यक्षात दारं कशी आहेत यावर सगळं अडतं.

दारं दोन. एक भांड्याकडचं, ज्यातून हवा फुग्यात येते. पारा वर चढताना तो या नळीतही चढणार आणि थेट तुमच्या भांड्यात घुसणार, म्हणून तिथे एक छोटासा पोकळ काचेचा फ्लोट ठेवतात, वरचं टोक निमुळतं घासलेलं. पारा चढला की फ्लोट तरंगत वर जातो, वरच्या घासलेल्या बैठकीत जाऊन बसतो, दार बंद. पारा उतरला की फ्लोट खाली, दार सताड उघडं. पारा स्वतःच आपल्या तोंडावर दार लावून घेतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी बराच वेळ नुसता बघत बसलो होतो.

आणि मग मी तो फोडला. शिकत होतो तेव्हाची गोष्ट. पारा जरा जोरात वर सोडला, टक्क असा आवाज आला आणि फ्लोटचं टोक उडालं. झालं असं की हा व्हॉल्व्ह पंपाच्या काचेतच वितळवून जोडलेला होता. त्यामुळे साधारण बोराएवढ्या काचेच्या तुकड्यासाठी सगळा पारा काढा (अर्धा लिटर पारा म्हणजे जवळपास सात किलो, लक्षात घ्या), पंप ग्लासब्लोअरकडे न्या, पण पारा लागलेली काच तापवायची म्हणजे विषारी वाफ, म्हणून आधी आतून पूर्ण धुवा, मग कापा, जोडा, परत बसवा. तीन आठवडे काम ठप्प. आणि सगळे माझ्याकडे बघतायत.

पण चूक फक्त माझी नव्हती असं मी आजही म्हणतो, चूक डिझाइनचीही होती. वाहता द्रव अचानक थांबला की दाबाचा धक्का बसतो, नळ पटकन बंद केल्यावर पाइप हादरतो तेच. हा धक्का मोजायचा तर घनता गुणिले द्रवातला आवाजाचा वेग गुणिले वाहण्याचा वेग. पाऱ्याची घनता पाण्याच्या साडेतेरा पट, त्यात आवाजाचा वेग सेकंदाला साधारण १४५० मीटर. पारा सेकंदाला एक मीटर वेगाने जाऊन थांबला आणि भिंती अगदी ताठ धरल्या तर क्षणभरासाठी जवळजवळ १९० वातावरणांचा दाब, म्हणजे नेहमीच्या हवेच्या दाबाच्या १९० पट! वेग दहापट कमी केला तरी १९. हवा असताना ती उशीसारखं काम करते, पण पंपाने काम चोख केलं की उशीच उरत नाही. म्हणजे पंप जितका चांगला चालेल तितका व्हॉल्व्ह जास्त मार खाणार. असा भाग मोडणारच, मग तो बदलता येईल असा बनवायला नको का?

आता दुसरं दार, बाहेरचं. फुग्यातली हवा इथून बाहेर जायची पण बाहेरची आत यायची नाही. इथे पुष्कळ जणांना पहिल्यांदा सुचतं की बसवा एक स्टीलची गोळी, वजनाने खाली बसेल, हवा आली की उचलेल. पाण्याच्या पंपात चालतं. पाऱ्यात स्टीलची गोळी तरंगते! स्टीलची घनता ७.८, पाऱ्याची १३.६, लाकूड पाण्यावर तरंगतं तशी ती मजेत वर तरंगत बसते आणि दार उघडंच. टंगस्टन (१९.३) घेतलं तर बुडेल. पितळ, तांबं, अ‍ॅल्युमिनियम तर विसराच, पारा त्यांना खातो.

या दारासाठी मला सगळ्यात आवडणारी युक्ती वेगळीच आहे आणि तिच्यात हलणारा एकही भाग नाही. काचेची भुकटी तापवून अर्धवट चिकटवली की बारीक बारीक भोकांची चकती तयार होते, रसायनवाले गाळणीसाठी वापरतात ती सिंटर्ड काच. अशी चकती नळीत आडवी बसवायची आणि तिच्यावर थोडा पारा ओतून ठेवायचा. खालून हवा आली की भोकांतून वर निघते, वरच्या पाऱ्यातून बुडबुडे काढत बाहेर. खालून पारा आला तर? तो भोकांत शिरत नाही, चकतीला टेकून थांबतो. बाहेरची हवा परत यायला बघते तर चकतीवर पारा बसलेला, आणि तो पाराही भोकांत शिरत नाही. हवेला एकाच दिशेने वाट.

का शिरत नाही? पाणी काचेला चिकटतं म्हणून बारीक नळीत आपोआप वर चढतं. पारा काचेला चिकटत नाही, त्याला काचेपेक्षा स्वतःचीच संगत जास्त आवडते, म्हणून बारीक भोकात तो जबरदस्ती केल्याशिवाय जातच नाही. किती जबरदस्ती? चारपट पृष्ठताण, गुणिले काचेशी होणाऱ्या कोनाचा कोसाइन, भागिले भोकाचा व्यास. पाऱ्याचा पृष्ठताण मीटरला ०.४८ न्यूटन, कोन १४० अंशांच्या आसपास, कोसाइन (उणे चिन्ह सोडून द्या) ०.७७. भोक १० मायक्रॉनचं (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असेल तर उत्तर येतं साधारण १.४७ लाख पास्कल, म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जवळपास दीडपट. भोक साडेचौदा मायक्रॉनचं झालं की बरोबर एक वातावरण, त्याहून मोठं असलं तर बाहेरची हवा पाऱ्याला ढकलून आत घालणार. म्हणजे चकती निवडताना सगळ्यात मोठं भोक किती ते बघायचं, सरासरी नाही. एक मोठं भोक पुरे होतं.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मग दोन्हीकडे चकतीच लावा, फ्लोट कशाला. नाही ना जमत. दाब कमी झाला की रेणूंमधलं अंतर वाढतं, नेहमीच्या हवेत एक रेणू दुसऱ्यावर आपटायच्या आधी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागापेक्षाही कमी जातो, पण पाऱ्याच्या मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढ्या दाबाला (या मापात नेहमीच्या हवेचा दाब ७६० मिमी) तो पाच सेंटिमीटर मोकळा धावतो. अशा रेणूला १० मायक्रॉनचं वाकडंतिकडं भोक म्हणजे भिंतीवर आपटत आपटत जायचं, बहुतेक वेळा आला त्याच बाजूला परत. म्हणून भांड्याकडे रुंद दार हवं, तिथे फ्लोटच. बाहेरच्या बाजूला हवा दाबून घट्ट झालेली असते, तिथे चकती चालते.

चकतीतही एक गोम आहे. तिच्या भोकांत हवा अडकून राहते. १० मिमी व्यासाची, २ मिमी जाड चकती, ४० टक्के पोकळ, म्हणजे जेमतेम ०.०६ घन सेंमी हवा. नगण्य वाटते. पण पारा खाली उतरला की हीच हवा एक लिटरच्या फुग्यात पसरते आणि दाब होतो ०.०५ मिमी. याच्या खाली पंप जाणारच नाही, शंभर फेऱ्या मारा. उपाय सोपा, चकतीच्या वरच्या बाजूला साधा रोटरी पंप लावून तिथला दाब ७६० ऐवजी १० मिमीवर आणायचा. अडकलेली हवा ७६ पट विरळ, आणि पंप एकदम ०.०००६ मिमीपर्यंत. (या मोजणीत पाऱ्याची स्वतःची वाफ धरलेली नाही, ती २० अंशांना ०.००१२ मिमी असते, म्हणजे या उरलेल्या हवेच्याही वर. तिच्यासाठी भांडं आणि पंप यांच्यामध्ये अतिथंड सापळा लागतोच, तिथे वाफ गोठून अडकते.)

आता बदलता येण्याचं. चकतीची भोकं पाऱ्यावरच्या मळाने बुजतात. शुद्ध पाऱ्याचा थेंब घरंगळताना गोल राहतो, जस्त-शिसं विरघळलेला असेल तर मागे शेपूट सोडतो, ती शेपूट म्हणजेच तो मळ. फ्लोट तर मार खाऊन मोडणार हे वर झालंच. म्हणून दोन्ही वेगवेगळ्या छोट्या नळ्यांत बसवायचे आणि नळीला बाहेरून स्टँडर्ड निमुळता शंकू, १० मिमी लांबीला १ मिमी व्यास कमी होत जाणारा, म्हणजे एका मापाचा कुठलाही शंकू त्याच मापाच्या कुठल्याही खोबणीत बसतो. एक मात्र पाळायचं, फ्लोट आणि त्याची बैठक एकमेकांवर घासून जुळवलेली जोडी असते, बदलताना जोडीच बदलायची, नुसता फ्लोट बदलून "बसतोय की" म्हणू नये. गळणार.

सांध्याला ग्रीस? नको. ग्रीस वाफ सोडतं, वायू विरघळवून घेतं. आल्फ्रेड श्टॉक हा जर्मन रसायनशास्त्रज्ञ बोरॉनच्या हायड्राइडांवर काम करायचा, त्याच्या वायूंचं ग्रीसशी जमेना म्हणून त्याने कॉकच्या जागी पाऱ्याचे फ्लोट-व्हॉल्व्ह वापरले. याच माणसाला वर्षानुवर्षं पाऱ्याच्या वाफेत राहून विषबाधा झाली आणि १९२६ मध्ये त्याने जगाला त्याचा धोका सांगणारा लेख लिहिला. तर ग्रीसऐवजी सांध्याभोवती वर एक काचेची वाटी ठेवायची आणि तिच्यात पारा भरायचा. घासलेल्या सांध्यातली फट ७ मायक्रॉनपेक्षा कमी असली की तेच चकतीचं गणित (फटीला चारऐवजी दोनपट) आणि पारा आत जात नाही, हवाही नाही. समजा फट मोठी निघाली, तर हवा नाही, पारा आत येतो. डोळ्यांना दिसतं. आणि आत आला तरी काय, पंपात पाराच आहे.

पाऱ्याला असं जवळून बघितलं की त्याच्या नावाने फिरणाऱ्या थापा जास्तच खटकतात. "रेड मर्क्युरी" म्हणून एक भानगड आहे, म्हणे जुन्या शिलाई मशीनमध्ये आणि रेडिओत असतो आणि लाखोंना जातो. २००९ मध्ये सौदी अरेबियात लोकांनी जुन्या मशिनी अव्वाच्या सव्वा किमतीला घेतल्या. असला कुठलाही पदार्थ नाही. आणि दुसऱ्या टोकाला "पाऱ्याचं विज्ञान आता इतिहासजमा" म्हणणारेही आहेत, तेही खरं नाही. फ्युजनच्या (अणू एकमेकांत मिसळवून ऊर्जा काढायच्या) भट्टीतून निघणारा ट्रिशियम, म्हणजे किरणोत्सर्गी हायड्रोजन, तेलाच्या पंपात तेलाशी मिसळून बसतो, पाऱ्याशी तसं काही करत नाही, म्हणून युरोपातल्या डेमो या पुढच्या भट्टीच्या आराखड्यात पाऱ्याच्या पंपांचा विचार चालूच आहे.

नवा फ्लोट बसवल्यावर पहिल्या फेऱ्या अगदी सावकाश घ्यायच्या, वर हवेची उशी असते, पारा गपचूप चढतो. आठ-दहा फेऱ्यांनंतर वरच्या काचेला पारा टेकताना बारीक, कोरडा, धातूवर नाणं आपटावं तसा टक आवाज यायला लागतो. म्हणजे उशी गेली. तिथून पुढे पारा जितक्या हळू सोडता येईल तितक्या हळू सोडायचा.