यंत्र सगळ्यांचे, हात तंत्रज्ञाचा

उंदराचा डोळा जेमतेम तीन मिलिमीटरचा. त्यातली बहुतेक जागा टणक भिंगाने व्यापलेली, आणि मागच्या बाजूला रेटिनाचा पडदा, पाव मिलिमीटरहूनही पातळ. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी अशा डोळ्याचे काप घेणे फार कठीण असते. पाते भिंगावर अडते, भिंगाचा कण उडतो आणि जाताजाता पडदा फाडतो. काप दृष्टिचेतेतून, म्हणजे डोळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या चेतातंतूंच्या जुडीतून, सरळ न जाता तिरका गेला, तर पडदा आहे त्यापेक्षा जाड दिसतो आणि आजारी डोळाही निरोगी भासू शकतो. ज्या प्रयोगात पेशींच्या किती ओळी उरल्या हे मोजायचे आहे, तिथे तर सगळेच मुसळ केरात.

हे काम जमायला बराच काळ हात बसावा लागतो. प्रत्येक संशोधकाने आपापल्या प्रयोगशाळेत असा माणूस तयार करणे परवडत नाही. विद्यार्थी शिकतो तोवर त्याची पदवी पूर्ण होते आणि तो निघून जातो. म्हणून दृष्टिसंशोधन करणाऱ्या अनेक संस्थांनी सामायिक प्रयोगशाळा उभारल्या आहेत. त्यांना ‘कोअर फॅसिलिटी’ म्हणतात. काप घेणे, पडद्याची छायाचित्रे, डोळ्याच्या विद्युत चाचण्या, जनुकांची तपासणी, एखाद्या प्रयोगापुरती खास उपकरणे घडवून देणारी कार्यशाळा, अशी कामे तिथे सगळ्यांसाठी होतात. अमेरिकेत 1968 साली स्थापन झालेली नॅशनल आय इन्स्टिट्यूट अशा सोयींसाठी वेगळे अनुदान देते. ते एका प्रकल्पाचे नसते, संस्थेतल्या अनेक नेत्रसंशोधकांनी मिळून वापरायचे असते.

यातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी चाचणी म्हणजे इलेक्ट्रोरेटिनोग्राम. डोळ्यावर प्रकाश पडला की रेटिनात सूक्ष्म विद्युत बदल होतो, हे स्वीडनच्या फ्रिथिओफ होल्मग्रेन यांनी 1865 मध्येच पाहिले होते. आज उंदराच्या पारपटलावर, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक आवरणावर, बारीक इलेक्ट्रोड टेकवून तोच बदल नोंदवतात. आलेखात आधी रेषा खाली जाते, ती ‘ए’ लहर, प्रकाश टिपणाऱ्या पेशींची. मग ती उसळी घेते, ती ‘बी’ लहर, मुख्यतः त्यांच्याकडून संदेश घेणाऱ्या पुढच्या पेशींची. ‘ए’ ठीक आहे आणि ‘बी’ मात्र उमटत नाही, असे दिसले तर प्रकाश टिपला जातो आहे, पण निरोप पुढे पोहोचत नाही, असा अर्थ निघतो. डोळ्याला चीर न देता इतके कळते.

मात्र त्यासाठी प्राणी रात्रभर गडद अंधारात ठेवावा लागतो. मंद प्रकाशात काम करणाऱ्या दंडाकार पेशी इतक्या संवेदनशील असतात की प्रकाशाच्या एकेका कणालाही प्रतिसाद देतात. सगळी तयारी मिणमिणत्या लाल दिव्यात चालते, कारण तांबड्या प्रकाशाची या पेशींना फारशी जाणीव नसते. मध्येच कोणी दार उघडले की नोंद बिघडलीच. भूल दिलेला उंदीर गार पडला तरी प्रतिसाद मंदावतो, म्हणून अंगाखाली ऊब ठेवावी लागते. डोळा कोरडा पडला तर भिंग तात्पुरते धुरकट होते, म्हणून थेंब घालत राहायचे.

ओसीटी, म्हणजे ऑप्टिकल कोहेरन्स टोमोग्राफी, हे 1991 मध्ये जगासमोर आलेले तंत्र. परतून आलेल्या प्रकाशलहरींच्या मेळावरून ते जिवंत डोळ्यातल्या रेटिनाचे थर दाखवते. त्यामुळे तोच प्राणी पुन्हा पुन्हा तपासता येतो आणि प्रयोगात कमी प्राणी लागतात. पण दर वेळी पडद्यावरची तीच जागा पकडली, तरच आकड्यांची तुलना करण्यात अर्थ.

सगळ्यांनी एकाच पद्धतीने तपासण्याचे मोल कळायला एक घटना पुरेशी आहे. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले, की सी57बीएल/6एन या जगभर वापरल्या जाणाऱ्या उंदरांच्या वाणात ‘आरडी8’ नावाचा जनुकीय दोष लपलेला आहे. सीआरबी1 जनुकातल्या या दोषाने रेटिनावर पांढरट ठिपके येतात आणि पडद्याच्या थरांना वळ्या पडतात. संशोधक एखादे वेगळेच जनुक निकामी करून त्याचा परिणाम शोधत असेल, तर हे ठिपके त्या जनुकाच्या माथी मारले जाण्याचा धोका होता. जनुकाची एक साधी चाचणी केली की दोष सापडतो. पण ती करायची आठवण कोणी ठेवायची? सामायिक केंद्रात असे ठिपके अनेक संशोधकांच्या उंदरांत पाहिलेला माणूस असेल, तर तो प्रयोग सुरू होण्याआधीच विचारतो, ‘आरडी8 तपासले का?’

निधी देणाऱ्यांना यंत्र दिसते, त्याचे उद्घाटन करता येते. तंत्रज्ञाचा पगार मात्र दर काही वर्षांनी नव्याने मागावा लागतो, आणि तो थांबला की यंत्रावर आच्छादन पडते. मला हे फार चुकीचे वाटते. तंत्रज्ञाची जागा अनुदानाच्या मुदतीवर न टांगता संस्थेने कायम करावी, आणि ज्या मोजमापांवर निष्कर्ष उभा आहे ती त्याने केली असतील, तर शोधनिबंधाच्या लेखकांत त्याचे नाव असावे.