दूरचित्रवाणीवरील मोठ्या बोलीचा पोकर

खेळाडू स्वतःचे पैसे टेबलावर ठेवून खेळतात आणि प्रेक्षकांना प्रत्येकाचे झाकलेले पत्ते दिसतात, असा प्रक्षेपित होणारा पोकरचा डाव. ही स्पर्धा नव्हे. स्पर्धेतली चिप, म्हणजे बोली लावायची चकती, हा नुसता गुण. इथली चिप म्हणजे तेवढे पैसेच, आणि त्या घेऊन खेळाडू केव्हाही उठू शकतो. बहुतेक कार्यक्रमांत ‘नो लिमिट टेक्सास होल्डेम’ हा बोलीला मर्यादा नसलेला प्रकार खेळला जातो.

गणपतीच्या जागरणात किंवा दिवाळीत तीन पत्ती खेळलेल्या सोलापूरकराला हा खेळ निम्मा आधीच येत असतो. बूट, चाल, पॅक, शो हे सगळे इथेही आहे, फक्त नावे वेगळी. पत्ते मात्र दोनच झाकून मिळतात. पाच पत्ते टेबलावर उघडे पडतात: आधी तीन, मग एक, मग आणखी एक. या सातांतून उत्तम पाच निवडायचे. घोटाळा होतो तो ‘ब्लाइंड’ या शब्दापाशी. तीन पत्तीत ब्लाइंड खेळणे म्हणजे पत्ते न बघता चाल करण्याची मर्दुमकी. पोकरमध्ये तो डावापूर्वी दोघांनी सक्तीने भरायचा पैसा. दुसरा घोटाळा क्रमाचा. तीन पत्तीत सिक्वेन्स (ओळीचे पत्ते) रंगाला (एकाच छापाच्या पत्त्यांना) मारतो, पोकरमध्ये रंग सिक्वेन्सला. यात मनमानी नाही. तीन पत्त्यांच्या २२,१०० हातांत साधे सिक्वेन्स ७२० आणि रंग १,०९६ येतात. पाच पत्त्यांच्या २५,९८,९६० हातांत सिक्वेन्स १०,२०० तर रंग ५,१०८. जे दुर्मिळ ते मोठे, एवढाच नियम.

पत्त्यांच्या बैठकीत खेळणाऱ्याच्या मागे उभे राहणारा माणूस कुणालाच आवडत नाही. टीव्हीने प्रेक्षकाला एकाच वेळी सगळ्यांच्या मागे उभे केले, आणि या प्रकाराचा जन्म तिथेच झाला. त्याआधी लास व्हेगासच्या ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ या स्पर्धेचे चित्रण होत असे, पण झाकलेले पत्ते शेवटपर्यंत झाकलेलेच राहत आणि बघणाऱ्याला गंभीर चेहऱ्यांची माणसे चिप्स सरकवताना तेवढी दिसत. हेन्री ओरेनस्टाइन या खेळणी-संशोधकाला १९९५ मध्ये झाकलेले पत्ते कॅमेऱ्याने दाखवण्याच्या युक्तीचे अमेरिकी पेटंट मिळाले. पोलंडमध्ये जन्मलेला हा ज्यू माणूस नाझी छळछावण्यांतून वाचून अमेरिकेत आला होता. १९९९ मध्ये ब्रिटनच्या चॅनल फोरवरील ‘लेट नाइट पोकर’ने टेबलात काच बसवून खालून पत्ते दाखवले. २००३ मध्ये ‘वर्ल्ड पोकर टूर’ ही स्पर्धामालिका टीव्हीवर दिसू लागली. त्याच वर्षी ख्रिस मनीमेकर हा हौसेने पोकर खेळणारा हिशेबनीस वर्ल्ड सिरीजचा मुख्य सामना जिंकून २५ लाख डॉलर घेऊन गेला आणि पोकरची लाट आली.

रोख पैशाच्या डावाला टीव्हीवर मान मिळाला तो जानेवारी २००६ मध्ये गेम शो नेटवर्कवर सुरू झालेल्या ‘हाय स्टेक्स पोकर’मुळे. टेबलावर बसायला किमान १ लाख डॉलर लागत, आणि चिप्सच्या शेजारी नोटांच्या खऱ्याखुऱ्या गड्ड्याही पडलेल्या असत.

झाकलेला पत्ता दिसण्याने नेमके काय बदलते, हे पाचव्या हंगामातील एका डावात स्वच्छ दिसते. व्यावसायिक खेळाडू बॅरी ग्रीनस्टीनकडे दोन एक्के, २००८ चा जगज्जेता पीटर ईस्टगेटकडे चौकी-दुर्री, दुसरा व्यावसायिक टॉम ड्वानकडे राणी-दश्शी. टेबलावर दुर्री, दश्शी, दुर्री पडली. म्हणजे ईस्टगेटच्या तीन दुर्ऱ्या झाल्या आणि तिघांत ड्वानचा हात सर्वांत कमी होता. चौथा पत्ता सत्ती. ड्वानने १,०४,२०० डॉलरची चाल केली आणि तीन दुर्ऱ्याही पॅक, एक्केही पॅक. पत्ते न दाखवता हा डाव प्रक्षेपित केला असता, तर एकाने पैसे लावले आणि दोघांनी टाकले, इतकेच कळले असते. ही हूल होती हे टेबलावर एकट्या ड्वानला ठाऊक होते, आणि घरी बसलेल्या सगळ्यांना. त्याच हंगामात ड्वानने ग्रीनस्टीनकडून ९,१९,६०० डॉलरचा पॉट (डावात जमलेला पैसा) जिंकला. बोलबाला मात्र पहिल्या डावाचाच जास्त झाला असावा, आणि तो रास्तही आहे.

एप्रिल २०११ मध्ये अमेरिकी सरकारने मोठ्या ऑनलाइन पोकर कंपन्यांवर खटले भरले, जाहिरातींचा पैसा आटला आणि ‘हाय स्टेक्स पोकर’ त्याच वर्षी थांबला. २०२० च्या डिसेंबरात तो पोकरगो या इंटरनेट वाहिनीवर परतला. आता काचेऐवजी पत्त्यांतच बारीक इलेक्ट्रॉनिक चिप बसवलेली असते; टेबलाखालचे यंत्र ती वाचते. फसवणूक होऊ नये म्हणून थेट प्रक्षेपणही मुद्दाम उशिरा दाखवतात. मे २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील ‘हसलर कसिनो लाइव्ह’ या इंटरनेट कार्यक्रमात ड्वाननेच सुमारे ३१ लाख डॉलरचा पॉट जिंकला.

सोलापुरात हे डाव बघायचे ते मोबाइलवर. समालोचन इंग्रजीत चालते. बघणारे मात्र स्पेड-हार्टच्या जागी इस्पिक, बदाम, किलवर, चौकट असेच बोलतात. खेळण्याची गोष्ट वेगळी. येथे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा लागू आहे. स्थानिक वर्तमानपत्रांतल्या ‘जुगार अड्ड्यावर छापा’ या बातम्या त्याच्याच कलमांखालच्या. कलम १३ निव्वळ कौशल्याच्या खेळांना सूट देते. सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये रमीला मुख्यतः कौशल्याचा खेळ ठरवले, तीन पत्त्यांच्या खेळाला मात्र निव्वळ नशिबाचा. पोकर या दोहोंच्या मधे लोंबकळतो. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला नशिबाच्या बाजूला टाकले. महाराष्ट्राचा १९७६ चा कसिनो कायदा कधी अमलातच आला नाही आणि २०२३ मध्ये तो रद्द झाला, त्यामुळे कसिनोच्या टेबलावर बसायचे तर सोलापूरकराला गोवा गाठावा लागतो. मोबाइलवर पैसे लावून खेळवण्याची वाट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंद केली. त्यात अशा खेळांच्या जाहिरातींवरही बंदी आहे.