लहान विमानात ट्रॅफिक दिसायला एडीएस-बी बसवताय? पात्रता, फॉर्म ३३७ आणि बाकीची कागदपत्रं

कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टोच्या विमानतळावर पेट्रोल भरताना कुणीतरी हमखास मराठीत विचारतं, "अहो, ट्रॅफिक, म्हणजे आसपासची विमानं, दिसायला नेमकं काय बसवायचं? आणि सरकारी भानगड किती?" पहिल्या प्रश्नाचं उत्तर कुठलंही एव्हिऑनिक्स शॉप, म्हणजे विमानातली इलेक्ट्रॉनिक यंत्रं बसवणारं दुकान, आनंदाने देतं, त्यांना पेटी विकायचीच असते. दुसऱ्यावर सगळे गुळमुळीत बोलतात. म्हणून एकदाचं लिहून ठेवतो. हे सगळं अमेरिकेत नोंदलेल्या लहान, एका पिस्टन इंजिनाच्या विमानांपुरतं आहे. सेसना १७२, पायपर चेरोकी, त्यांची भावंडं.

आधी एक गैरसमज काढू. यात एफएएकडे (अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याकडे) अर्ज टाकून मंजुरीची वाट बघत बसायचं नसतं, निदान नेहमीच्या कामात तरी नाही. काम मेकॅनिक करतो, बदलाची नोंद करणारा फॉर्म ३३७ तोच भरतो, एक प्रत एफएएकडे ओक्लाहोमा सिटीला जाते आणि परीक्षा विमान हवेत देतं. अडतं ते कागदावरचं नाव, पेटीतला कोड आणि रजिस्ट्रेशन यांचा मेळ बसत नाही तिथे. पेटी बसवणं हा त्यातला सोपा भाग.

नियम कुणाला लागू आहे

एडीएस-बी म्हणजे विमानांनी आपली जागा रेडिओवरून एकमेकांना आणि जमिनीला कळवण्याची यंत्रणा. तिचे दोन भाग आहेत. आउट म्हणजे आपलं विमान दर सेकंदाला आपली जागा, उंची, वेग आणि ओळख सांगत राहतं. इन म्हणजे दुसऱ्यांचं ऐकणं. सक्ती फक्त आउटची आहे, १ जानेवारी २०२० पासून, कलम ९१.२२५ नुसार. ती लागू आहे हवेच्या या भागांत: क्लास ए (१८,००० फुटांवरची हवा), बी (सगळ्यात गजबजलेल्या विमानतळांभोवतीची) आणि सी (त्याखालोखाल गजबजलेल्यांभोवतीची), बी आणि सीच्या डोक्यावर १०,००० फुटांपर्यंत, नियमात यादी दिलेल्या मोठ्या विमानतळांभोवती ३० नॉटिकल मैलांच्या वर्तुळात जमिनीपासून १०,००० फुटांपर्यंत, आणि क्लास ईमध्ये (बाकीच्या नियंत्रित हवेत) १०,००० फुटांच्या वर. शेवटच्यात जमिनीपासून २,५०० फुटांच्या आतली हवा सोडली आहे, नाहीतर डोंगराळ भागातल्या लोकांची पंचाईत झाली असती.

क्लास बी म्हणजे उलटी ठेवलेली उतरंड, तळाला अरुंद आणि वर रुंद. तिच्या खालून उडालो की सुटलो असं पुष्कळांना वाटतं. पण पालो आल्टो सॅन फ्रान्सिस्को विमानतळापासून वीस मैलांच्या आत आहे, म्हणजे ३० मैलांच्या वर्तुळात. तिथे चाक उचललं की नियम लागू. मुळातच इंजिनावर चालणारी वीजव्यवस्था नसलेली जुनी विमानं, ग्लायडर आणि बलून यांना या वर्तुळात सवलत आहे.

आता इनबद्दल. पुष्कळ जण आयपॅडला जोडायचा छोटा रिसीव्हर घेतात आणि ट्रॅफिक दिसतंय म्हणून खूश होतात. जमिनीवरची केंद्रं रडारवरचं ट्रॅफिक पाठवतात, पण ते आउट असलेल्या विमानासाठी बेतलेलं असतं: त्याच्याभोवती १५ नॉटिकल मैल, वरखाली ३,५०० फूट. तुमच्याकडे आउट नसेल तर शेजारून जाणाऱ्या दुसऱ्या कुणासाठी आलेलं चित्र तुम्हाला अर्धवट दिसतं. दुसऱ्याच्या पंगतीत ताट घेऊन उभं राहण्यासारखं आहे ते. वाढलं तर वाढलं.

आणि दोन्ही असूनही चुका होतात. १३ मे २०१९ रोजी अलास्कातल्या केचिकनजवळ पर्यटकांना फिरवणारी दोन तरंगती विमानं, एक ऑटर आणि एक बीव्हर, हवेत धडकली आणि सहा माणसं गेली. ऑटरमध्ये यंत्रणा होती, पण तिचा नियंत्रक बंद असल्यामुळे तिची उंची बाहेर जात नव्हती. दोन्ही वैमानिकांना धोक्याचा इशारा मिळाला नाही, हे अपघातांची चौकशी करणाऱ्या एनटीएसबीने कारणांतच नोंदवलं आहे. त्यामुळे पेटी कुठली यापेक्षा ती आत्ता काय बोलतेय, हे मी आधी विचारतो.

१०९० की ९७८

दोन फ्रिक्वेन्सी आहेत. १०९० मेगाहर्ट्झ जगभर चालते आणि १८,००० फुटांवर तीच लागते. ९७८, म्हणजे यूएटी, फक्त अमेरिकेत आणि १८,००० फुटांखाली. तिचं कौतुक एवढंच की फुकट मिळणारं हवामान ९७८ वरच येतं, पण ते ऐकायला इन पुरतं. पंखाच्या टोकाचा किंवा शेपटीचा दिवा काढून त्याजागी बसणारी यूएटी यंत्रं मिळतात. जुना ट्रान्सपॉन्डर (रडारला उत्तर देणारी पेटी) तसाच राहतो आणि काम लवकर उरकतं.

माझं मत: जुना ट्रान्सपॉन्डर धड असेल आणि कॅलिफोर्नियाबाहेर फारसं जायचं नसेल तर दिव्याचा पर्याय वाईट नाही. ट्रान्सपॉन्डर आधीच कुरकुरत असेल तर १०९० चा नवा, इन-आउट एकत्र असलेला घ्या. व्हँकुव्हरच्या भावाकडे उडत जायचं मनात असेल तर मात्र आधी कॅनडाचा नियम वाचा. तिथे संदेश उपग्रह ऐकतात, त्यामुळे पोटाखालचा एकटा अँटेना पुरत नाही. क्लास एमध्ये हे ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे आणि क्लास बीमध्ये मे २०२४ पासून. पुढेमागे विमान भारतात न्यायची स्वप्नं असतील तर ९७८ चं नावच काढू नका.

पात्रता: विमान कुणाच्या नावावर

हा भाग आपल्या लोकांसाठी खास, कारण पेटीचा कोड रजिस्ट्रेशनवरून येतो आणि रजिस्ट्रेशनच कच्चं असेल तर पुढचं सगळं कच्चं.

स्वतःच्या नावावर विमान नोंदवायला अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीन कार्ड लागतं. ग्रीन कार्डवाल्याला आपला एलियन रजिस्ट्रेशन नंबर द्यावा लागतो. एच-१बीवर असाल तर इथे दहा वर्षं राहून, कर भरूनही स्वतःच्या नावावर विमान होत नाही. एलएलसी काढली की झालं, असं कुणी सांगितलं तर थांबा: नागरिकांची कंपनी धरायला अध्यक्ष आणि दोन-तृतीयांश संचालक नागरिक हवेत, मतांचा ७५ टक्के हिस्सा नागरिकांकडे हवा. तसं नसेल तर अमेरिकेत स्थापन झालेल्या कंपनीच्या नावावर नोंदता येतं, पण उड्डाणाचे ६० टक्के तास अमेरिकेत झाल्याचा हिशोब ठेवायचा. ट्रस्टचाही रस्ता आहे, वकिलाच्या फीसकट. खरं सांगायचं तर एच-१बीवाल्याने फ्लाइंग क्लबात जावं आणि ही डोकेदुखी क्लबला द्यावी.

चार मित्र मिळून विमान घेत असतील तर नोंदणीच्या अर्जावर, म्हणजे फॉर्म ८०५०-१ वर, भागीदारीच्या खुणेकडे नीट बघा. भागीदारीत प्रत्येक जण नागरिकच लागतो. चौघांत एकजण ग्रीन कार्डवाला असेल तर सहमालक म्हणून नोंदवा. फी पाच डॉलर आहे, पण या एका खुणेपायी अर्ज परत आला की महिने जातात. नोंदणी २०२३ पासून सात वर्षं टिकते, त्यामुळे ती संपत आल्याचंही लोक विसरतात.

काम कोण करू शकतो

रेडिओ स्वतः काढून परत बसवायची मुभा वैमानिक मालकाला आहे, ट्रान्सपॉन्डरची नाही. प्रमाणित विमानाला एअरफ्रेम-पॉवरप्लँट मेकॅनिक लागतो आणि मंजुरीची सही तपासणीचा अधिकार असलेल्याची, म्हणजे आयएची, किंवा रिपेअर स्टेशनची. स्वतः बांधलेल्या एक्सपेरिमेंटल विमानाला टीएसओ (एफएएचं उपकरणांचं मानक) शिक्क्याची पेटी लागत नाही, पण कामगिरी तीच दाखवावी लागते. लाइट स्पोर्टला निर्मात्याचं पत्र घ्या.

कागदपत्रं

शॉपला विमान देताना सोबत न्या: रजिस्ट्रेशन, एअरवर्दीनेस सर्टिफिकेट, सगळी लॉगबुकं, सध्याचं वेट अँड बॅलन्स आणि आधीचे फॉर्म ३३७. तुमच्या पेटीचा एसटीसी (ती ठरावीक मॉडेलांत बसवायला एफएएने दिलेली मंजुरी), त्याच्या मंजूर मॉडेलांच्या यादीत तुमचं मॉडेल आहे का, हे पैसे देण्याआधी स्वतः बघा. सेसना १७२ एम आणि १७२ एन ही कागदावर वेगळी मॉडेलं आहेत. एसटीसी वापरायला त्याच्या मालकाची लेखी परवानगी लागते. ती बहुधा पेटीबरोबर येते आणि पुठ्ठ्याच्या खोक्याबरोबर कचऱ्यात जाते.

फॉर्म ३३७ एका पानाचा, पाठपोट. दुसऱ्या खान्यात मालकाचं नाव, रजिस्ट्रेशनवर आहे तसंच, हे तिथेच छापलेलं आहे. आपली गडबड इथे होते. पासपोर्टवर वडिलांचं नाव मधे, रजिस्ट्रेशनवर फक्त आद्याक्षर, शॉपच्या बिलावर नुसतं नाव-आडनाव. शॉप बिलावरून उतरवतं. समोर बसून रजिस्ट्रेशन दाखवून लिहून घ्या. तिसरा खाना एफएएसाठी राखीव आहे. एसटीसीप्रमाणे काम झालं असेल तर तो रिकामाच राहतो, घाबरू नका. आठव्या खान्यात कामाचं वर्णन: कुठली पेटी, कुठला जीपीएस, कुठला अँटेना कुठे, एसटीसी क्रमांक. "ट्रान्सपॉन्डर बदलला" एवढीच ओळ असेल तर परत लिहायला सांगा, कारण विमान विकताना गिऱ्हाईकाचा मेकॅनिक पहिली हीच बाजू उलटतो.

सही केलेली एक प्रत तुमची. दुसरी ओक्लाहोमा सिटीच्या रजिस्ट्रेशन शाखेला, विमान उडायला मोकळं केल्यापासून ४८ तासांत. पाठवणं शॉपचं काम आहे, विचारणं तुमचं.

परत घेताना पदरात काय हवं? लॉगबुकात तारीख, वर्णन, सही आणि सर्टिफिकेट नंबरसह नोंद. नवं वेट अँड बॅलन्स, फरक किरकोळ असला तरी. फ्लाइट मॅन्युअलची पुरवणी, जी विमानातच ठेवायची. पुढच्या देखभालीच्या सूचना. आणि ट्रान्सपॉन्डर चाचणीचा कागद. ही चाचणी दर २४ महिन्यांनी लागते. आयएफआर, म्हणजे बाहेर न बघता उपकरणांवर, उडत असाल तर अल्टिमीटरचीही (उंची दाखवणाऱ्या उपकरणाची). पेटी सांगते ती उंची आणि तुमच्या अल्टिमीटरची उंची १२५ फुटांच्या आत जुळली पाहिजे.

पेटीतले आकडे

प्रत्येक विमानाला २४ बिटांचा कोड असतो. एफएएच्या नोंदवहीत टेल नंबर (विमानाचा एनने सुरू होणारा नोंदणी क्रमांक) टाकला की तो दोन रूपांत दिसतो, अष्टमान आणि षोडशमान. पेटीला कुठलं रूप हवं ते मॅन्युअलमध्ये बघा आणि शॉपने टाकलेला कोड अक्षर-अक्षर वाचून घ्या. दुसरं, फ्लाइट आयडी: टेल नंबर, एनसकट. तिसरं, विमानाचा वर्ग: १५,५०० पौंडांखालचं म्हणजे लाइट.

आमच्या विमानात शॉपने एन खाल्ला होता. नुसते आकडे. उडताना काहीच कळत नव्हतं, स्क्रीनवर सगळं ट्रॅफिक झकास दिसत होतं. शॉपचं म्हणणं, "चालतंय ना?" आमच्या बाजूने चालत होतं. बाकीच्यांना मात्र आम्ही भलत्याच नावाने दिसत होतो. कळलं ते संध्याकाळी एफएएकडून आलेल्या, पेटी काय बोलतेय ते सांगणाऱ्या अहवालातल्या एका लाल चौकोनामुळे. सेटिंग बदलायला पाच मिनिटं लागली आणि वेळ मिळायला तीन आठवडे.

हा अहवाल कुणालाही फुकट मिळतो. नियम लागू असलेल्या हवेत अर्धा तास उडा, त्यातली दहा मिनिटं वळणं आणि चढ-उतार करा, मग एफएएच्या संकेतस्थळावर टेल नंबर आणि तारीख भरा. ईमेलने पीडीएफ येते. त्यात जागा-वेगाच्या अचूकतेचे आणि भरवशाचे आकडे असतात: एनआयसी किमान ७, एनएसीपी ८, एनएसीव्ही १, एसडीए २ आणि एसआयएल ३ दिसायला हवेत. फार खाली उडालात तर केंद्रांना ऐकू जात नाही आणि उगाच लाल दिसतं. शॉपकडे पूर्ण पैसे देण्याआधी हा अहवाल मागा, किंवा स्वतः काढून न्या.

मधल्या काळात, आणि सवलतीचं काय

पेटी बसली नसेल आणि क्लास सीमध्ये जायचंच असेल तर अडॅप्ट नावाच्या ऑनलाइन साधनावर परवानगी मागता येते, उड्डाणाच्या २४ तास आधीपासून एक तास आधीपर्यंत. मिळेलच असं नाही. रोजच्या उडण्यासाठी हा रस्ता नव्हे. बसवलेली पेटी वाटेत बिघडली तर कंट्रोलरला तेव्हाच विचारता येतं.

५०० डॉलरच्या सवलतीबद्दल अजून विचारणा होते. ती २०१६ मध्ये सुरू झाली, २०१८ मध्ये पुन्हा उघडली आणि मुदत संपण्याआधी बसवणाऱ्यांसाठीच होती. आता बंद आहे. त्या नावाने कुणी फॉर्म भरून घेत असेल तर भरू नका.

शेवटी हौशी लोकांसाठी. टेल नंबरमध्ये एननंतर जास्तीत जास्त पाच चिन्हं, शेवटची दोन अक्षरं चालतात, आय आणि ओ सोडून. मुलीच्या आद्याक्षरांचा नंबर घ्यायचा मोह होतो, आमच्यातल्या एकाला झालाच. नंबर बदलला की २४ बिटांचा कोडही बदलतो. पेटीत नवा कोड, नवा फ्लाइट आयडी, नवं रजिस्ट्रेशन, सगळं परत. रंगाऱ्याला बोलावण्याआधी शॉपची वेळ घ्या.