व्हॉट्सॲप ग्रुप की ब्रॉडकास्ट लिस्ट? गावात आरोग्याचे निरोप पाठवणाऱ्यांसाठी

पाठवणाऱ्याच्या मोबाईलवर दोन्ही जवळपास सारखेच दिसतात. वर एक नाव, खाली मजकूर. एकदा टाईप केलं की पन्नास घरी पोचलं. म्हणून आशाताई, उपकेंद्राच्या सिस्टर, समुदाय आरोग्य अधिकारी बोलताना दोन्हीला सर्रास ‘ग्रुप’च म्हणतात. फरक पडतो तो समोरच्याच्या मोबाईलवर. ग्रुपमधला निरोप म्हणजे चावडीवर सांगितलेली गोष्ट. कोण कोण बसलंय, कुणाचा नंबर काय, कोण काय बोललं, सगळं सगळ्यांना दिसतं. ब्रॉडकास्ट लिस्टचा निरोप दारात येतो. तो ज्याच्या त्याच्या वैयक्तिक चॅटमध्ये पडतो. यादीत आणखी कोण आहे, तुम्ही यादीला काय नाव दिलंय, हे त्याला दिसत नाही, आणि त्याचं उत्तरही फक्त तुम्हालाच मिळतं.

सगळ्यात जास्त घोटाळा मधल्या एका प्रकारामुळे होतो. ग्रुपच्या सेटिंगमध्ये ‘फक्त ॲडमिनच मेसेज पाठवू शकतील’ असं करता येतं. ते केलं की बडबड थांबते, आणि अनेकांना वाटतं की आता ही ब्रॉडकास्ट लिस्टच झाली. तसं होत नाही. लोकांची तोंडं बंद झाली, पण डोळे उघडेच आहेत. सदस्यांची यादी आणि नंबर पूर्वीसारखेच प्रत्येकाला दिसतात. चूक लक्षात आल्यावर कुणाला काढलं, तरी ‘पूर्वीचे सदस्य’ या यादीत त्याचं नाव पुढचे ६० दिवस राहतं.

हे केवढं महाग पडतं, ते एका साध्या उदाहरणातून बघा. गरोदरपणाची नोंदणी पहिल्या १२ आठवड्यांच्या आत व्हावी, असा आपला आग्रह असतो. पण बऱ्याच घरांत तिसरा महिना संपेपर्यंत बाहेर कुणाला सांगायचं नाही, अशी रीत आहे. आता नोंदणी झाल्याबरोबर त्या बाईचा नंबर ‘गरोदर माता’ नावाच्या ग्रुपमध्ये टाकला, तर तिच्या सासूने शेजारणीलाही न सांगितलेली गोष्ट दुपारपर्यंत अख्ख्या आळीला कळते. पुढे काही कारणाने गर्भ राहिला नाही, तर तिला त्याच ग्रुपवर इतरांच्या बाळंतपणाची अभिनंदनं बघत बसावं लागतं. पुढच्या खेपेला ती लवकर नोंदणी कशी करेल? तेच तिचं नाव ब्रॉडकास्ट लिस्टमध्ये असतं, तर तपासणीचा दिवस, लोहाच्या गोळ्या, दवाखान्यात नेणारी १०२ ची गाडी हे सगळं तिला तेवढंच कळलं असतं, आणि शेजारपाजारी काहीच गेलं नसतं.

क्षयरोगाचं, एचआयव्हीचं, कुटुंबनियोजनाचं आणि गर्भपाताचं काम करणाऱ्यांनी तर ग्रुपचा विचारच करू नये. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यानुसार एखाद्याची एचआयव्ही स्थिती त्याच्या संमतीशिवाय उघड करता येत नाही. ग्रुपच्या नावातच आजार असेल, तर त्यात कुणाला ॲड करणं हेच उघड करणं झालं. क्षयरुग्णाला पोषण आहाराची पिशवी देतानाचा फोटो गावच्या ग्रुपवर टाकणं याच जातीचं. हेतू कौतुकाचा असतो, पण त्या माणसाला सहा महिने गोळ्या खायच्या असतात आणि त्याच गावात मजुरीला जायचं असतं. ड्यू लिस्टच्या, म्हणजे कुणाची लस किंवा तपासणी कधी आहे त्या यादीच्या, पानाचा फोटोही कधीच ग्रुपवर जाऊ नये. तुम्ही एका बाळाचं नाव दाखवायला फोटो काढलेला असतो, आणि त्याच पानावर आणखी वीस घरांची माहिती असते.

ब्रॉडकास्टनेही सगळं झाकलं जात नाही, हे मात्र ध्यानात ठेवा. घरात मोबाईल एकच असतो. तो नवऱ्याकडे, दिराकडे किंवा खेळ खेळणाऱ्या मुलाकडे असतो आणि स्क्रीनवर मेसेजची पहिली ओळ झळकते. म्हणून नाजूक विषयात आजाराचं, गोळीचं, साधनाचं नाव लिहू नका. ‘सोमवारी १० नंतर उपकेंद्रात या, मी आहे’ एवढं पुरतं. बाकीचं समोर बसून.

आता ब्रॉडकास्ट कुठे फसतं ते. ज्याने तुमचा नंबर त्याच्या मोबाईलमध्ये सेव्ह केलेला नाही, त्याला ब्रॉडकास्टचा निरोप पोचतच नाही. तुमच्याकडे त्याचा नंबर असून भागत नाही. तुम्हाला कुठलीही सूचना येत नाही, मेसेज गेल्यासारखाच दिसतो, आणि लसीकरणाच्या दिवशी अर्धी बाळं येत नाहीत. मग ‘मेसेज तर केला होता’ आणि ‘आम्हाला काहीच आलं नाही’ असे वाद होतात, आणि दोघंही खरंच बोलत असतात. यावर उपाय एकच: गृहभेटीत नंबर घेताना तिथल्या तिथे मिस कॉल द्यायचा आणि त्यांच्याच हातून तो नंबर ‘आशाताई’ किंवा ‘सिस्टर उपकेंद्र’ या नावाने सेव्ह करून घ्यायचा. नंतर करतील, या भरवशावर राहू नका. नवरा बाहेरगावी कामाला असेल तर त्याचाही नंबर घ्या. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाला निरोप पोचवायची ती कधी कधी एकमेव वाट असते.

यादी करायला दोन मिनिटं लागतात. अँड्रॉइडवर चॅटच्या पानावर वरच्या तीन ठिपक्यांवर दाबायचं, ‘न्यू ब्रॉडकास्ट’ निवडायचं, नावांवर टिक करायची. एका यादीत २५६ जण मावतात. आशाताईंना यापेक्षा मोठी यादी लागतही नाही. हजार वस्तीमागे वर्षाला साधारण १५ बाळं जन्मतात असं धरलं, तर एका वेळी गावात दहा-अकरा गरोदर बाया आणि एक वर्षाच्या आतली पंधराएक बाळं असतात. म्हणून एक मोठी यादी करण्यापेक्षा गरोदर, एक वर्षाच्या आतली बाळं, एक ते दोन वर्षांची बाळं आणि बीपी-शुगरवाले अशा चार लहान याद्या ठेवा आणि महिन्यातून एकदा ड्यू लिस्ट समोर ठेवून नावं हलवा. बाळंतीण झालेल्या बाईला आठव्या महिन्याच्या तपासणीचा निरोप गेला की तिचा पुढच्या निरोपांवरचा विश्वास कमी होतो.

पाठवल्यावर दुसऱ्या दिवशी तोच मेसेज दाबून धरा आणि ‘इन्फो’ उघडा. कुणाला पोचला, कुणी वाचला, हे नावानिशी दिसतं. इथेही दोन्हींत फरक आहे. कुणी निळी टिक बंद ठेवली असेल, तर ब्रॉडकास्टमध्ये त्याने वाचलं की नाही हे कळत नाही, पण ग्रुपमध्ये ती बंद ठेवता येत नाही, तिथे दिसतंच. ज्यांच्यापर्यंत पोचलाच नाही, त्यांची नावं कागदावर उतरवा. ती तुमची त्या आठवड्याची गृहभेटींची यादी.

मग ग्रुप कशाला हवा? अफवांसाठी. हे ऐकायला उलटं वाटेल, पण ग्रुपचं खरं मोल तिथेच आहे. ब्रॉडकास्टवर तुम्ही बोलता आणि लोक ऐकतात. त्यांच्यात आपसात काय चाललंय याचा तुम्हाला पत्ता लागत नाही. ग्रुपवर कुणीतरी ‘ही लस दिली की पोरं होत नाहीत म्हणे, खरं का?’ असं विचारतं, आणि अफवा तुमच्यासमोर उजेडात येते. फेब्रुवारी २०१७ मध्ये गोवर-रुबेला लसीची मोहीम गोवा, कर्नाटक, तमिळनाडू, पुदुच्चेरी आणि लक्षद्वीपमध्ये सुरू झाली, तेव्हा तमिळनाडूत व्हॉट्सॲपवरच्या भीतिदायक मेसेजमुळे पालकांनी मुलांना लस द्यायला नकार दिल्याचे प्रकार घडले. अफवा माणसाच्या जिवावर उठते, हे तर महाराष्ट्राने १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाहिलं. मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच जणांना ठार मारलं. भिक्षुकी करून पोट भरणारी, सोलापूरकडची माणसं होती ती. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घालायला सुरुवात केली.

ग्रुपवर अफवा आली की आधी ती पुसायची घाई करू नका. ज्याने विचारलं त्याला झापू नका. तो पुन्हा विचारणार नाही, पण दुसऱ्या ग्रुपवर पुढे मात्र पाठवेल. उत्तराची सुरुवात खऱ्या गोष्टीने करा. चुकीचं वाक्य जसंच्या तसं उगाळू नका, त्याचा स्क्रीनशॉट फिरवू नका. उदाहरणार्थ, ‘लस बाधली’ अशी ओरड झाली तर असं: ‘पेंटाव्हॅलंट लसीनंतर एक-दोन दिवस ताप येणं, पाय दुखणं नेहमीचं आहे. तापाचं औषध सांगितलेल्या मापाने द्या, टोचल्या जागी काही चोळू नका. बाळ सुस्त पडलं, दूध पीत नसेल तर लगेच फोन करा.’ सोबत सिस्टरच्या आवाजातली तीसेक सेकंदांची ऑडिओ क्लिप टाका. ओळखीचा आवाज लोक मानतात, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंतही पोचतं.

ग्रुपचं दुखणं म्हणजे गर्दी. शुभ सकाळ, वाढदिवस, निवडणुका, हरवलेली बैलजोडी; या सगळ्यात लसीकरण सत्राची सूचना वर सरकून जाते आणि लोक ग्रुप म्यूट करून टाकतात. सत्राचा मेसेज ‘पिन’ करा. तो २४ तास, ७ दिवस किंवा ३० दिवस वर राहतो. सात दिवस पुरेत. नवीन सदस्य ॲडमिनच्या मंजुरीनेच येतील असं ठेवा आणि ग्रुपची लिंक कुठल्या भिंतीवर किंवा पोस्टरवर छापू नका. छापली गेलीच तर ती रीसेट करा.

मजकूर कुठेही पाठवा, त्यात ‘उद्या’ हा शब्द नको. मेसेज पाचव्या दिवशी फॉरवर्ड होऊन पोचतो, आणि बाई बाळाला कडेवर घेऊन कुलूपबंद अंगणवाडीसमोर उभी राहते. असं लिहा: ‘बुधवार, १२ ऑगस्ट २०२६, सकाळी १० ते १, अंगणवाडी क्र. २. दीड, अडीच, साडेतीन महिने आणि ९ महिने पूर्ण झालेली बाळं. कार्ड आणा. लसीनंतर अर्धा तास थांबा.’ वर्षसुद्धा लिहा, कारण जुने मेसेज वर्षानुवर्षं फिरत राहतात. सुंदर पोस्टर बनवलंत तरी हा मजकूर वेगळा टाईप करून पाठवा. साध्या मोबाईलच्या छोट्या पडद्यावर पोस्टरवरची बारीक अक्षरं वाचता येत नाहीत.

तालुक्याच्या पातळीवर उष्माघात, डेंग्यू, पुराच्या पाण्याबद्दलच्या सूचना द्यायच्या असतील तर २०२३ पासून आलेलं ‘चॅनल’ बरं. फॉलो करणाऱ्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत आणि संख्येची चिंता नसते. पण तिथे कुणी प्रश्न विचारू शकत नाही, त्यामुळे गावच्या कामाला त्याचा उपयोग थोडाच.

ब्रॉडकास्टची एक किंमत आधीच मोजून ठेवा: चाळीस जणांना निरोप गेला की रात्री पंधरा जणांचे पंधरा प्रश्न वेगवेगळे येतात. ‘मेसेजची उत्तरं संध्याकाळी ६ ते ७, तातडीचं असेल तर १०८’ ही ओळ दर निरोपाखाली असू द्या आणि ती वेळ पाळा.

शेवटची अडचण बदलीची. ग्रुप दुसऱ्याला ॲडमिन करून मागे ठेवता येतो. ब्रॉडकास्ट लिस्ट मात्र तुमच्या व्हॉट्सॲपमध्येच राहते, तुमच्याबरोबर जाते. नवीन सिस्टर रुजू झाल्या की त्यांचा नंबर आपल्या याद्यांवरून आधी पाठवा आणि ‘हा सेव्ह करा’ असं सांगा. ज्या घरी मोबाईल वापरता येत नाही, तिथे त्यांना सोबत घेऊन जा आणि नंबर तिथेच सेव्ह करून द्या. हे राहिलं, तर नवीन सिस्टरचा पहिला निरोप निम्म्या घरांत पोचणारच नाही.