व्यवसाय आणि मानवी हक्क : राष्ट्रीय धोरणे आणि नागपूर परिसर

कंपनी, कारखाना, खाण किंवा ठेकेदार यांच्या कारभारामुळे कामगार, शेजारचे गावकरी आणि ग्राहक यांच्या मानवी हक्कांवर गदा येऊ नये, आलीच तर त्यांना दाद मिळावी, यासाठी सरकारने केलेले कायदे, मार्गदर्शक तत्त्वे आणि यंत्रणा यांना मिळून ‘व्यवसाय आणि मानवी हक्क धोरण’ असे म्हटले जाते. मानवी हक्क हा परंपरेने नागरिक आणि राज्यसंस्था यांच्यातला मामला मानला गेला. खासगी मालक त्या चौकटीबाहेरच राहिला. त्याला आत कसे आणायचे, हा या धोरणाचा मूळ प्रश्न आहे. भारतात त्याचे उत्तर एका कायद्यात सापडत नाही; ते राज्यघटना, कामगार कायदे, कंपनी कायदा, शेअर बाजाराची नियामक संस्था सेबी हिची परिपत्रके आणि न्यायनिवाडे यांत विखुरलेले आहे. नागपूरच्या आसपास कोळसा व मँगनीजच्या खाणी, औष्णिक वीज केंद्रे, स्फोटकांचे कारखाने आणि बुटीबोरी, हिंगणा या एमआयडीसी आहेत. शिवाय भारतीय खाण ब्यूरो आणि पेट्रोलियम व विस्फोटक सुरक्षा संघटना (पेसो) या केंद्रीय संस्थांची मुख्यालयेही याच शहरात आहेत. नियम करणारे आणि नियमाखाली काम करणारे एकाच शहरात राहतात, असे फार ठिकाणी आढळत नाही.

पूर्वपीठिका : जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली. तिथे १८८६ मध्ये निवृत्तिवेतन निधी आणि १८९५ मध्ये अपघात भरपाईची सोय झाली. अपघात भरपाईचा कायदा देशात यायला १९२३ उजाडले आणि भविष्य निर्वाह निधीचा कायदा १९५२ मध्ये आला. मिलचे कौतुक करताना हा दाखला नेहमी दिला जातो आणि तो रास्तच आहे. मात्र मालकाने मनाने दिलेली सोय मालकाच्या मर्जीवर टिकते. मिल पुढे सरकारी महामंडळाकडे गेली, अखेर बंद पडली आणि तिच्या जागेवर आज मॉल उभा आहे.

दुसरा धागा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा. जुलै १९४२ मध्ये नागपुरात अखिल भारतीय शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य झाले. फेडरेशनच्या वतीने १९४७ मध्ये घटना समितीसाठी तयार केलेल्या निवेदनात त्यांनी मांडले, की सरकारच्या नियंत्रणातून सुटका म्हणजे स्वातंत्र्य असे म्हटले जाते, पण पोटासाठी राबणाऱ्याला ती सुटका खासगी मालकाच्या हुकूमशाहीत नेऊन सोडते. संयुक्त राष्ट्रसंघाच्या दस्तऐवजांत हा विचार येण्यास आणखी सहा दशके लागली. घटनेतील काही मूलभूत हक्क थेट खासगी व्यक्तींनाही बांधतात, हे इथे लक्षात घ्यावे : दुकाने व उपाहारगृहांत भेदभावाला मनाई (अनुच्छेद १५), अस्पृश्यतेचे उच्चाटन (१७), वेठबिगारीला बंदी (२३) आणि कारखाने व खाणींत बालकामगारांना बंदी (२४).

आंतरराष्ट्रीय चौकट : जून २०११ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघाच्या मानवी हक्क परिषदेने तिचे विशेष प्रतिनिधी जॉन रगी यांनी तयार केलेली ३१ मार्गदर्शक तत्त्वे एकमताने स्वीकारली. ती तीन शब्दांत सांगता येतात : रक्षण, आदर, दाद. रक्षण करणे हे सरकारचे कर्तव्य, आदर राखणे ही कंपनीची जबाबदारी आणि दाद मिळवून देण्याची यंत्रणा दोघांनी मिळून उभारायची. तत्त्वे बंधनकारक नाहीत. ती देशात उतरवण्यासाठी ‘राष्ट्रीय कृती आराखडा’ करावा, असे सुचवले गेले. ब्रिटनने २०१३ मध्ये पहिला आराखडा काढला. आशियात थायलंडने २०१९ मध्ये, जपानने २०२० मध्ये आणि पाकिस्तानने २०२१ मध्ये. काही देश आराखड्यापुढे जाऊन कायद्यावर आले. फ्रान्सने २०१७ मध्ये मोठ्या कंपन्यांवर दक्षतेचे कर्तव्य घातले, म्हणजे आपल्या कामातून हक्कांना कुठे धोका पोहोचतो हे त्यांनी आधीच तपासावे. जर्मनीचा पुरवठा साखळी कायदा २०२३ पासून लागू झाला. युरोपीय संघाचा याच धर्तीचा निर्देश २०२४ मध्ये आला आणि लगेच सौम्य करण्याच्या मागणीत अडकला. युरोपात माल पाठवणाऱ्या भारतीय पुरवठादाराला यामुळे खरेदीदाराची प्रश्नावली भरावी लागते. काही कारखान्यांत मानवी हक्क हा शब्द पहिल्यांदा येतो तो अशा फॉर्ममधून.

भारताचे धोरण : केंद्रीय कंपनी व्यवहार मंत्रालयाने २०११ मध्ये ऐच्छिक मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. मार्च २०१९ मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती ‘जबाबदार व्यावसायिक आचरणाची राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे’ या नावाने आली. नऊ तत्त्वांपैकी पाचवे तत्त्व मानवी हक्कांचा आदर व पुरस्कार करण्याचे आहे. तिसरे कर्मचाऱ्यांच्या, पुरवठा साखळीतल्या कामगारांसह, कल्याणाचे आहे. त्याच वर्षी कृती आराखड्याचा ‘शून्य मसुदा’ही प्रसिद्ध झाला. अंतिम आराखडा त्यानंतर आलेला नाही.

तत्त्वांना थोडे दात मिळाले ते सेबीमुळे. शेअर बाजारातील बाजारमूल्याने पहिल्या १,००० कंपन्यांना २०२२-२३ पासून ‘व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल’ देणे बंधनकारक आहे. किती कामगारांना किमान वेतन वा त्याहून अधिक मिळते, लैंगिक छळ, बालमजुरी व सक्तीच्या मजुरीच्या किती तक्रारी आल्या, करारांत मानवी हक्कांची अट आहे का, असे प्रश्न त्यात असतात. कायम आणि कायम नसलेले कामगार वेगळे मोजावे लागतात, ही या नमुन्यातली सर्वांत उपयोगी रकाना-जोडी. परंतु कंपनीच्या कामातून मानवी हक्कांना कुठे धोका पोहोचतो, याची आधीच पडताळणी केली का, हा कळीचा प्रश्न मात्र ऐच्छिक ‘नेतृत्व निर्देशकां’त टाकला आहे. रकाना कोरा ठेवला तरी चालतो. आणि नोंदणीकृत कंपनीला मजूर पुरवणारा बुटीबोरीतला ठेकेदार शेअर बाजाराच्या आसपासही नसतो.

सीएसआरबाबतचा (कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीबाबतचा) गोंधळ : कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ नुसार ५०० कोटींचे नक्त मूल्य, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एकही निकष पुरा करणाऱ्या कंपनीला मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामांवर खर्च करावी लागते. शाळेला बाके, गावाला आरओ यंत्र, आरोग्य शिबिर, हे त्यातून होते. पण केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआर धरला जात नाही, आणि कारखान्याच्या धुराड्यातून काय बाहेर पडते याच्याशी या कलमाचा संबंध नाही. नफा कसा वाटला हा एक प्रश्न आणि तो कसा मिळवला हा वेगळा. भारतीय धोरणाने पहिला सक्तीचा केला आणि दुसऱ्याचा बराचसा भाग सौजन्यावर सोडला, हा उलटा क्रम आहे. खाणींपुरती एक अधिकची तरतूद आहे : २०१५ च्या दुरुस्तीनंतर खाणपट्टाधारकाला रॉयल्टीव्यतिरिक्त ठरावीक हिस्सा जिल्हा खनिज प्रतिष्ठानात भरावा लागतो आणि तो खाणबाधित भागावर खर्च व्हावा, अशी अपेक्षा आहे.

धोकादायक उद्योग : भोपाळ दुर्घटनेनंतर (२-३ डिसेंबर १९८४) या विषयाची भाषाच बदलली. दिल्लीतील ओलियम वायुगळतीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर १९८६ मध्ये ‘निरपेक्ष दायित्वा’चे तत्त्व घालून दिले : घातक उद्योग चालवून नफा कमावणाऱ्याला, आम्ही सगळी काळजी घेतली होती, असा बचाव करता येणार नाही. १९८७ मध्ये कारखाने अधिनियमात घातक प्रक्रियांवर स्वतंत्र प्रकरण आले; धोक्याची माहिती कामगारांना व परिसरातील लोकांना देणे मालकावर बंधनकारक झाले.

नागपूर जिल्ह्यात या तरतुदींची कसोटी स्फोटकांच्या कारखान्यांत लागते. डिसेंबर २०२३ मध्ये बाजारगाव येथील स्फोटात ९ कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत ६ महिला होत्या. जून २०२४ मध्ये धामना येथे पुन्हा जीवितहानी झाली. अशा कारखान्याचा परवाना पेसोकडे, कारखाना म्हणून तपासणी राज्याच्या औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालयाकडे, वेतनाचा प्रश्न कामगार आयुक्तालयाकडे आणि घटनेचा गुन्हा पोलिसांकडे. आपापल्या रकान्यात प्रत्येकाचे काम नीट असू शकते, तरी संपूर्ण धोक्याचा धनी कोण, हे त्यातून ठरत नाही. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा योजनेच्या) कक्षेबाहेरील कामगाराचा मृत्यू झाल्यास भरपाई काढण्यासाठी मासिक वेतनाच्या ५० टक्के रकमेला वयानुसार ठरलेल्या गुणकाने गुणतात. हजेरीपुस्तकावर पगार कमी दाखवला असेल, तर माणूस गेल्यावरही त्याचा तोटा घरच्यांना होतो.

ठेकेदारी : विदर्भातल्या कारखान्यांत ‘कंपनीच्या रोलवर’ असणे आणि ‘ठेकेदाराकडे’ असणे, या दोन वेगळ्या दुनिया आहेत. गणवेश सारखा, काम बहुतेक वेळा सारखे. पगार, पीएफ आणि नोकरीची शाश्वती वेगळी. ठेकेदाराने वेतन बुडवल्यास ते मुख्य मालकाने द्यावे, ही तरतूद १९७० च्या कंत्राटी कामगार अधिनियमापासून आहे आणि नव्या संहितेतही ती कायम आहे. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या. त्यांनी २९ केंद्रीय कायद्यांची जागा घेतली. कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदी लागू होण्याची केंद्रीय कायद्यातली मर्यादा २० कामगारांवरून ५० वर गेली, निरीक्षकाला ‘निरीक्षक-नि-सुविधाकार’ असे नवे नाव मिळाले, आणि गिग कामगारांचा, म्हणजे अ‍ॅपवरून सुटी कामे घेणाऱ्यांचा, केंद्रीय कायद्यात प्रथमच उल्लेख झाला. अ‍ॅपवाल्या कंपन्यांनी उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम सामाजिक सुरक्षा निधीत भरायची आहे. ४९ मजुरांच्या तीन टोळ्या ठेवणाऱ्या ठेकेदाराला ही मर्यादा काय सांगते, हे समजायला कायद्याची पदवी लागत नाही.

सरकार हाच मालक : संयुक्त राष्ट्रसंघाच्या मार्गदर्शक तत्त्वांतील चौथे तत्त्व सांगते, की सरकारी मालकीच्या उद्योगांबाबत सरकारने अधिक खबरदारी घ्यावी. नागपूरला हे विशेष लागू पडते. कोळसा काढणारी वेस्टर्न कोलफिल्ड्स, म्हणजे इथल्या बोलीतली ‘वेकोलि’, आणि मँगनीज काढणारी मॉइल या केंद्राच्या कंपन्यांची मुख्यालये शहरात आहेत. कोराडी आणि खापरखेडा ही वीज केंद्रे राज्याच्या महानिर्मिती या वीज कंपनीची. जुलै २०२२ मध्ये खसाळा येथील, वीज केंद्राची राख साठवणाऱ्या राखतळ्याचा बांध फुटला आणि राखमिश्रित पाणी शिवारात व नाल्यांत पसरले. मे २०२३ मध्ये कोराडीत प्रत्येकी ६६० मेगावॉटच्या दोन नव्या संचांसाठी २००६ च्या पर्यावरण अधिसूचनेखाली जनसुनावणी झाली आणि प्रदूषणावरून तिथे विरोधाचे सूर उमटले. प्रकल्पही सरकारचा, परवानगी देणारेही सरकारच. कुंपणाने शेत खाऊ नये, यासाठी जनसुनावणीसारखे वेगळे राखणदार लागतात. सुनावणीतले आक्षेप नोंदवणे बंधनकारक आहे, मान्य करणे नाही.

दाद : मानवी हक्क संरक्षण अधिनियम, १९९३ नुसार मानवी हक्क आयोग मुख्यतः लोकसेवकाने केलेल्या उल्लंघनाची किंवा ते रोखण्यातील हलगर्जीची चौकशी करतो. म्हणून खासगी कंपनीविरुद्धची तक्रार अमुक अधिकाऱ्याने दुर्लक्ष केले, अशा आडवाटेने मांडावी लागते. कामगारांसाठी कामगार आयुक्तालय व कामगार न्यायालय, लैंगिक छळासाठी २०१३ च्या कायद्याखालील अंतर्गत समिती, दहापेक्षा कमी कर्मचारी असतील तिथे जिल्ह्याची स्थानिक समिती, पर्यावरणासाठी हरित लवाद आणि या सर्वांवर मुंबई उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ, असे मार्ग आहेत. त्यासाठी नियुक्तीपत्र, वेतनचिठ्ठी किंवा किमान गेटपास हातात लागतो. रोजंदारीवरल्या बाईकडे बहुधा त्यांतले काहीच नसते.

याशिवाय एक अनौपचारिक मार्ग आहे, तो कोणत्याही आराखड्यात लिहिलेला नाही. हिवाळी अधिवेशन भरले, की कंत्राटी वीज कामगार, अंगणवाडी सेविका, बंद गिरण्यांचे जुने कामगार यांचे मोर्चे यशवंत स्टेडियमपासून निघतात. विधानभवनाच्या अलीकडेच कठड्यांपाशी त्यांना अडवले जाते. मग पाच जणांचे शिष्टमंडळ आत जाते, मंत्री निवेदन घेतात, त्यावर शेरा मारतात, आणि बाकीचे लोक रस्त्यावर बसून शिदोरी सोडतात.