नाथसागराच्या काठावरील सरपटणारे प्राणी

पैठणजवळ गोदावरीवर बांधलेल्या जायकवाडी धरणाचा जलाशय म्हणजे नाथसागर. धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये व लोकार्पण १९७६ मध्ये झाले. पाणी साठले तसे आतले उंचवटे बेटे होऊन उरले. समुद्रकिनारा नसलेल्या मराठवाड्यात काठावरचे आणि बेटांवरचे जीवन पाहण्याजोगी ही मोठी जागा आहे. १९८६ पासून येथे पक्षी अभयारण्य आहे. हिवाळ्यात लोक रोहित (फ्लेमिंगो) पक्षी पाहायला येतात. पायाशी सळसळणाऱ्या जिवांकडे मात्र फार कमी लक्ष जाते.

समुद्री बेटांवर लाखो वर्षांच्या एकांतात पालींच्या आणि सापसुरळ्यांच्या स्वतंत्र जाती घडल्या. नाथसागराची बेटे तशी नाहीत. त्यांचे वय जेमतेम पन्नास वर्षे, आणि जलाशय पसरट व उथळ असल्याने उन्हाळ्यात पाणी हटले की त्यांतली कित्येक पुन्हा काठाला जोडली जातात. उघड्या पडलेल्या जमिनीत शेतकरी गाळपेर करतात. येथील प्राणी त्यामुळे भोवतालच्या माळरानावरचेच आहेत.

त्यांत सापसुरळी सर्वांत ओळखीची. बांधावरच्या दगडावर ती ऊन खात बसते. तांबूस-तपकिरी पाठ, बाजूने फिकट पट्टा, एकमेकांवर चढलेले चकचकीत खवले. पाठीच्या प्रत्येक खवल्यावर बारीक उभ्या रेषा असतात. शत्रूने धरले की ती शेपूट सोडते. तुटलेला तुकडा वळवळत राहतो, तोवर ती दगडाखाली गेलेली असते. पुढे शेपूट पुन्हा येते. ‘सापाची मावशी’ म्हणून, विषारी समजून, तिला ठेचतात. हा तिच्यावर अन्याय आहे. तिला विष नाही आणि ती किडे खाऊन जगते.

पाण्यालगत दिवड हा बिनविषारी साप मासे-बेडकांमागे असतो. चिडला की कडकडून चावतो, इतकेच. घोरपड वन्यजीव कायद्याच्या सर्वाधिक संरक्षण देणाऱ्या पहिल्या अनुसूचीत आहे, तरी मांसासाठी तिची चोरटी शिकार होते.

कासवांची स्थिती अधिक नाजूक आहे. गोदावरी खोऱ्यातील लीथचे मऊ पाठीचे कासव अतिसंकटग्रस्त गणले जाते. झडपी कासव पाय आत ओढून कातडी झडपांनी झाकून घेते आणि पाणी आटले की चिखलात पुरून राहते. मासेमारीच्या जाळ्यात अडकलेल्या कासवाला श्वासासाठी वर येता येत नाही व ते गुदमरते. जाळे वेळेवर ओढून ते सोडवले, तर वाचते.